मी वाडा नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी बैठकीची खोली आहे. जुनी म्हणजे पानशेतच्या पुरानंतर बांधलेली. सदाशिव पेठेत एक अरुंद गल्ली जिथे वळते, त्या वळणावर आमची तीन मजली इमारत उभी आहे आणि तिच्या पहिल्या मजल्यावर मी आहे. एवढं सांगितलं की लोक लगेच म्हणतात, "अरे वा, सदाशिव पेठेतली जुनी खोली! म्हणजे वाडाच की!" नाही हो. पेठेतलं जुनं असलेलं सगळंच वाडा नसतं. मी सिमेंटची आहे. माझ्या अंगात लोखंडी सळ्या आहेत. हे एकदाचं स्पष्ट सांगावं म्हणून आज तोंड उघडलं आहे. एरवी मला बडबडीची सवय नाही.

माझा जन्मच मुळी वाड्याला कंटाळून झाला. तात्याराव नावाचे एक गृहस्थ नारायण पेठेत नदीजवळच्या वाड्यात भाडेकरू होते. पूर आला तेव्हा घरची सगळी माणसं कशीबशी बाहेर पडली आणि उंचावर जाऊन उभी राहिली. तात्यारावांचा धाकटा मुलगा दीनानाथ तेव्हा शाळेत होता. त्यानं आपल्या स्वयंपाकघराची मातीची भिंत पाण्यात बसताना पाहिली. पडताना नाही, बसताना. दमलेलं माणूस खाली बसावं तशी. ती गोष्ट तो पुढे आयुष्यभर त्याच शब्दांत सांगायचा.

पूर ओसरल्यावर काही बिऱ्हाडांनी एकत्र येऊन ही इमारत बांधायला घेतली. रंगराव नावाचे ठेकेदार होते. त्यांनी तात्यारावांना विचारलं, "दर्शनी भागात लाकडी खांब देऊ का? शोभा येईल."

"रंगराव," तात्याराव म्हणाले, "मातीचा कण नको आणि लाकडाचा खांब नको. पाणी आलं तरी जागची हलणार नाही अशी भिंत द्या. शोभेचं आपण नंतर बघू."

शोभा मात्र आपोआप आली. गल्ली वळत होती म्हणून माझी बाहेरची भिंतही गोल वळवली गेली. त्या गोलाईबरोबर वळत जाणारी लांबच लांब, बुटकी खिडकी बसवली. खिडकीवर तसाच वळणारा छज्जा आला आणि एका बाजूला छोटी गोल गॅलरी. छताच्या कडेला एकाखाली एक अशा सरळ पट्ट्या ओढल्या. खाली राखाडी मोझॅकची फरशी घातली, तिच्यात काळे-पांढरे खडे, आणि चारही भिंतींच्या कडेनं तळहाताएवढी रुंद गडद लाल पट्टी. उगाच नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. पण आलेला माणूस दारात क्षणभर थांबायचा आणि मग त्या गोल भिंतीवरून हात फिरवत खिडकीपर्यंत जायचा. तेवढं कौतुक मला पुरेसं होतं.

दीनानाथ मोठा झाला आणि एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागला. पुस्तक छापण्याआधी कच्च्या पानांमधल्या चुका शोधायच्या, हे त्याचं काम. ती पानं तो घरी आणायचा आणि माझ्या गोलाईत खुर्ची टाकून वाचत बसायचा, कारण तिथे दिवसभर सारखा उजेड असतो. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. लग्नाची पत्रिका आली की आधी तो त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर खुणा करायचा आणि मग लग्नाला जायचं की नाही ते ठरवायचा.

त्याला मुलगी दाखवण्याचा कार्यक्रमही माझ्यातच झाला. ती मुलगी म्हणजे श्यामला. पुढे त्या एका मुलींच्या शाळेत पर्यवेक्षिका झाल्या. "मुलगा तसा बरा वाटला," असं त्या नंतर सांगत, "पण खिडकी फारच आवडली. म्हणून होकार दिला." दीनानाथराव यावर नुसते चष्मा पुसत.

मित्रांनो, त्या काळात माझी अडचण म्हणून काही नव्हती. मग त्यांचा मुलगा सलिल मोठा झाला, कमावता झाला, आणि माझे हाल सुरू झाले.

आधी त्यानं एका भिंतीवर परदेशातल्या जंगलाचा कागद चिकटवला. त्यात एक धबधबा होता. पावसाळ्यात कागदाला ओल धरली आणि तो धबधबा खरोखरच खाली यायला लागला. काही वर्षांनी फॉल्स सीलिंगची लाट आली. माझ्या छताच्या पट्ट्यांवर पांढरा तक्ता ठोकला, त्यात भोकं पाडली आणि भोकांत दिवे घातले. बाहेरची छोटी गोल गॅलरी आत घेतली. लाकडी खिडकी काढून सरकणारी काच बसवली. छत खाली आलं, पंखा खाली आला. जमीन तेवढी जागेवर राहिली. तिची पाळी पुढच्या वेळी आली.

सलिलची बायको अवनी बिबवेवाडीत वाढलेली. तिथल्या त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची मोरी दिसायची. सदाशिव पेठेत लग्न ठरलं तेव्हा तिनं मैत्रिणींना आनंदानं सांगितलं होतं, "मला पेठेत दिलंय." बिचारीच्या मनात चौक, तुळस आणि झोपाळा होता. प्रत्यक्षात मिळाले आम्ही. तिनं बरीच वर्षं मनातली निराशा मनातच ठेवली. मग एकदा ती आणि सलिल एका रिसॉर्टला जाऊन आले. तिथे म्हणे सगळं वाड्यासारखं होतं. परत आल्यावर आठवड्याभरात ऋषी नावाचा इंटीरियर डिझायनर माझ्यामध्ये उभा होता.

"काका, बाहेर प्रॉपर पेठ आहे आणि आत असा प्लेन हॉल. कनेक्टच होत नाही," तो म्हणाला. "आपण फुल वाडा थीम करू. खांब, कोनाडे, ओसरी. आत आल्या आल्या वाइब आली पाहिजे."

"आम्ही वाड्यातून जीव घेऊन बाहेर पडलोय," दीनानाथराव म्हणाले. "परत आत जायची हौस नाही."

ऋषी मोठ्यानं हसला. त्याला तो विनोद वाटला. सलिलही हसला. दीनानाथराव उठून आत गेले. घर आता मुलाचं आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि तिथेच चुकलं.

मग काय विचारता! पोकळ फायबरचे चार खांब आले, त्यांना लाकडाचा रंग. "वाड्याला गोल भिंत नसते," असं म्हणून माझी गोलाई खिडकीसकट प्लायवूडनं बंद केली. प्लायवूडमध्ये कोनाडे कोरले आणि त्यांत बॅटरीच्या पणत्या ठेवल्या. ओसरी हवी म्हणून माझा अर्धा भाग एका पायरीनं उंच केला. मोझॅकवर तपकिरी, चकचकीत टाइल बसवली. पायरी तपकिरी, जमीन तपकिरी, खांब तपकिरी. वर मिणमिणते पिवळे दिवे. भर दुपारी माझ्यात दिवा लावावा लागायचा. ज्या तात्यारावांनी लाकडी खांबाला लांबूनच हात जोडले होते, त्यांचा फोटो त्यातल्याच एका खांबावर टांगला. याला काय म्हणावं?

पाहुणे आले, फोटो काढून गेले. अवनीचा चेहरा फुलला होता. तिच्या आनंदाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या गर्दीत एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. दीनानाथराव माझ्यात येताना आता एक हात पुढे धरून येत होते. मी पाहत होते. पण खोलीला कोण विचारतं?

हळूहळू ते यायचेच बंद झाले. सकाळचं वर्तमानपत्र ते घ्यायचे, उघडायचे आणि घडी करून ठेवायचे. श्यामलाबाईंच्या ध्यानात आलं की यांनी कित्येक दिवसांत पेपरातली एकही चूक दाखवलेली नाही.

"अहो, रुसलात का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"या वयात रुसून समजूत कोण काढणार?"

"मग हॉलमध्ये का येत नाही?"

"तिथे काय आहे बघण्यासारखं?"

हे वाक्य सलिलनं ऐकलं आणि त्याला राग आला. "बाबांना काही आवडतच नाही," तो अवनीला म्हणाला. "आपण एवढं केलं, एक शब्द चांगला नाही." घरात अबोला धरला गेला. जेवणाच्या टेबलावर फक्त वाट्या वाजायच्या.

मग एका रविवारी अवनीचे आईवडील बिबवेवाडीहून जेवायला आले. सगळे ओसरीवर बसले होते. दीनानाथराव पाण्याच्या पेल्यांचा ट्रे घेऊन आतून आले. पाहुण्यांना पाणी आपण द्यायचं, ही त्यांची जुनी रीत. पायरीपाशी त्यांचा पाय अडकला. त्यांनी आधारासाठी खांब धरला, आणि खांब त्यांच्यासोबतच खाली आला. पेले फुटले. दीनानाथराव आडवे पडले होते आणि त्यांच्या छातीवर तात्यारावांच्या फोटोसकट तो पोकळ खांब. खरं सांगते, एक क्षण सगळ्यांना हसू फुटलं. मग श्यामलाबाईंना त्यांचं मनगट दिसलं.

हाड मोडलं होतं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी सहज विचारलं, "पायरी दिसली नाही का?" दीनानाथरावांनी उत्तर टाळलं, म्हणून डॉक्टरांनी आपलं बोट त्यांच्या चेहऱ्यासमोरून बाजूला नेलं आणि विचारलं, "आता दिसतंय?" नाही दिसलं. तिथून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकवता येईल, असं ते म्हणाले.

घरी आल्यावर श्यामलाबाईंनी त्यांना माझ्यात आणून बसवलं आणि समोर खुर्ची ओढली. शाळेत एखाद्या मुलीला समोर बसवत असतील तसं.

"कधीपासून?"

"बाजूचं दिसेनासं होऊन बरीच वर्षं झाली. समोरचं दिसतं. नळीतून पाहावं तसं."

"आणि सांगितलं नाहीत."

"श्यामला, लोकांच्या नजरेतून सुटलेलं पकडायचं, हेच मी जन्मभर केलं. आता मलाच दिसत नाही, हे कुणाला सांगू?"

"मला," श्यामलाबाई म्हणाल्या.

दीनानाथरावांनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाले, "आधी या खोलीत माझं निभत होतं गं. उजेड कुठून येतो ते कळायचं. जमिनीला लाल कड होती, तिच्या बाजूनं चाललं की दार, खुर्ची, खिडकी, सगळं सापडायचं. आता सगळं तपकिरी आहे. चहात बुडाल्यासारखं वाटतं."

मित्रांनो, मला तेव्हा संताप कुणाचा यावा तेच कळेना. ऋषीचा? सलिलचा? की इतकी वर्षं तोंड मिटून बसलेल्या या हट्टी म्हाताऱ्याचा?

सलिलला धक्का बसला, आणि धक्का बसला की तो काहीतरी करायला घेतो. दोनच दिवसांत त्यानं नवा बेत मांडला. संडासाजवळची मागची लहान खोली बाबांना द्यायची. तिथे पांढऱ्या टाइल, दोन्ही भिंतींना स्टीलच्या दांड्या, पलंग, टीव्ही.

"सगळं हाताशी राहील," तो म्हणाला. "हॉलमध्ये यायची त्यांना गरजच पडणार नाही."

"ठीक आहे," दीनानाथराव म्हणाले.

जन्मभर प्रत्येक ओळीत खोट काढणारा माणूस 'ठीक आहे' म्हणाला. ते ऐकून श्यामलाबाई उठल्या.

"काहीही ठीक नाही. सलिल, त्या ऋषीला बोलाव."

ऋषी दुसऱ्या दिवशी आला. पडलेला खांब कोपऱ्यात उभा करून ठेवला होता. त्याच्याकडे पाहून तो ओशाळला. "काकू, फिक्सिंग वीक होतं. मी चेंज करून देतो."

"बसा. तुमचं घर कुठे?"

"लोणी काळभोरला."

"घर कसं आहे?"

"स्लॅबचं आहे. आजोबांनी बांधलंय."

"मग त्यात का नाही केलात वाडा?"

"छे हो काकू! भिंतीला खिळा ठोकला तरी आजोबा म्हणतात, 'तुझं काय अडलं हाय का?'"

"आजोबांना माझा नमस्कार सांगा," श्यामलाबाई म्हणाल्या. त्यांनी वर्तमानपत्राच्या दोन नळ्या करून ठेवल्या होत्या. "या डोळ्यांना लावा. आता दारापासून खिडकीपर्यंत चालत जा."

ऋषीनं नळ्या लावल्या. थोडा चालला. "काकू, खिडकी कुठंय?"

"तेच मी विचारतेय. तुम्ही कुठे ठेवलीत?"

तो पुढे गेला. एका खांबाला खांदा लागला, मग पायरीला ठेच लागली आणि तो गुडघ्यावर बसला. नळ्या काढून त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं, असं मला वाटतं.

कुणी न सांगता सलिलनं त्याच्या हातातून त्या नळ्या घेतल्या आणि डोळ्यांना लावल्या. तो दारातून निघाला. एका हातानं दोन्ही नळ्या कशाबशा सांभाळत त्यानं दुसरा हात पुढे धरला होता, अगदी वडील धरायचे तसा. मध्यावर येऊन तो थांबला.

"बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"तुझ्या डावीकडे. जवळच."

सलिल डावीकडे वळला, मग आणखी वळला. वडील जवळच्याच खुर्चीवर बसले होते आणि ते त्याला सापडत नव्हते. सापडल्यावरही नळ्या डोळ्यांवरून काढायला त्यानं जरा जास्तच वेळ लावला.

त्यानंतर ऋषी खाली गेला आणि गल्लीच्या पलीकडे उभा राहून आमच्या इमारतीकडे बघत राहिला. स्कूटरवाले त्याला चुकवून जात होते. वर आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "काकू, मी ही बिल्डिंग बाहेरून नीट बघितलीच नव्हती. सगळ्या आडव्या लाइन्स आहेत. छज्जा, खिडकी, खिडकीखालची पट्टी, सगळं वळणावरून एकसारखं जातं. आणि मी आत उभे खांब लावले."

"उशिरा का होईना, हजेरी लागली तुमची," श्यामलाबाई म्हणाल्या.

मग पुन्हा हातोडे, पुन्हा धूळ. मी वैतागले होते, पण या वेळी दात आवळून सोसलं. वरचा तक्ता निघाला, ओसरी निघाली. प्लायवूड निघालं तेव्हा उजेड असा आत आला की कामगारांनीही हात थांबवले. खालचं मोझॅक मात्र पुरतं वाचलं नव्हतं. टाइल उखडताना त्याचे ठिकठिकाणी टवके उडाले होते. सलिल म्हणाला, "सगळीच नवी फरशी घालू."

"नको," अवनी म्हणाली. खांब पडला तेव्हा आपल्याला हसू आलं, हे तिला खात होतं. "फुटलं तिथे तेवढंच भरा. ठिगळं दिसली तर दिसू देत. लाल पट्टी मात्र कुठे तुटायला नको. बाबांना ती लागते."

भरलेले तुकडे मूळ फरशीशी जुळले नाहीत. ते जरा निळसर दिसतात. छताच्या पट्ट्या दोन कोपऱ्यांत गेल्या त्या गेल्याच. गॅलरीही परत मिळाली नाही. पण ऋषीनं एक काम मनापासून केलं. गोल भिंतीच्या कडेनं, खिडकीच्या खाली, हाताला येईल अशा उंचीवर त्यानं लाकडी कठडा बसवला, भिंतीबरोबर वळत जाणारा, फरशीच्या पट्टीसारखाच गडद लाल. बघणाऱ्याला वाटतं की तो माझ्या जन्मापासूनच तिथे आहे. धरणाऱ्याला तो नेमका दारापासून खिडकीपर्यंत पोचवतो. दवाखान्यातल्या दांड्यांसारखा तो दिसत नाही. भिंती फिक्या रंगवल्या, दारांच्या चौकटी गडद केल्या, आणि खुर्च्यांच्या जागा ठरल्या. त्या कुणी हलवायच्या नाहीत, अशी श्यामलाबाईंची सक्त ताकीद आहे. फायबरचे खांब गल्लीतलं गणपती मंडळ घेऊन गेलं. मखराला ते शोभतात. तिथे मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही.

प्लास्टर निघाल्यावर दीनानाथराव पहिल्यांदा एकटे आत आले. पट्टीकडे बघत, कठड्यावरून हात सरकवत ते हळूहळू गोलाईत पोचले आणि बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. श्यामलाबाई मुद्दाम भाजी निवडत राहिल्या. दीनानाथरावांची नजर परत आली नाही, येणारही नाही. थेंब वेळेवर घालावे लागतात आणि त्यावरून रोज वाद होतो.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. घरातली खोली बदलू नका, असं मी म्हणत नाही. माणसं बदलतात, त्यांच्या गरजा बदलतात, मग आम्हीही बदलायलाच हवं. पण आम्हाला दुसऱ्याचं सोंग देण्याआधी आम्ही कोण आहोत, ते विचारा. इमारतीला एकदा बाहेरून बघा. भिंत तशी का वळली, खिडकी तिथेच का आहे, याचा जरा विचार करा. आणि आमच्यात रोज वावरणाऱ्या माणसाला आधी विचारा. एवढं केलंत तर तुमचे आणि आमचे, दोघांचेही हातोडे वाचतील.

सलिलची खोड मात्र पूर्ण गेलेली नाही. परवा तो संध्याकाळी कामावरून आला आणि माझ्या मधोमध उभा राहून इकडेतिकडे बघायला लागला. मला हातोडे ऐकू यायला लागले. पण या वेळी तो गोलाईपाशी गेला आणि त्यानं विचारलं, "बाबा, या खोलीत अजून काय हवं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न इथे कुणी कुणाला विचारला नव्हता.

दीनानाथरावांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली, आपल्या मुलाचा चेहरा नजरेत आणेपर्यंत वळवली, आणि म्हणाले, "काही नको. तू जरा बस."

सलिलनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि तो बसला.